मोहाखालचा हुकूम

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या कंपनीचा तळ साकोलीजवळ, नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला पडला होता. मी फौजेत हवालदार. माझं गाव शहापूर एका एसटीच्या अंतरावर, पण रजा नव्हती. पहाटे चारला उठायचं, चहा घ्यायचा, जंगलात सरावाला निघायचं. तिसऱ्या दिवशीचा हुकूम असा: माझ्या आठ जणांनी साडेसहाच्या आत जंगलापलीकडचा तलाव गाठायचा. दुसरी प्लाटून आम्हाला शोधत फिरणार. सापडलो की हरलो. आणि हरण्याची मला भारी चीड.

वाटाड्या म्हणून मनिराम दिला होता. जवळच्या गावचा धान पिकवणारा शेतकरी, चाळिशीचा, थट्टेखोर. मोहफुलं गळण्याचे दिवस होते. पहाटे मोहाखाली फुलं वेचायला माणसं येतात तशी ती खायला अस्वलंही येतात. म्हणून तिकडचा माणूस झाडाजवळ जाताना मोठ्याने हाका देतो. अस्वल आधीच बाजूला होतं.

निघताना मनिराम म्हणाला, "साहेब, मोहाजवळ हाक द्याव लागते."

"मले मालूम हाय. आज चूप."

"काहून जी? अस्वलाले तुमची लढाई समजते का?"

जवान हसले. मीही हसलो. "हुकूम हाय," म्हणालो. हुकूम तलाव गाठायचा होता. मोहाखालून मुकाट्याने जायचा हट्ट माझा होता.

पाच चाळीस. एक वानर खेकसलं आणि एकदम थांबलं. मग पाखरूही बोलेना. मोहाचा गोड, आंबूस वास यायला लागला. पुढे चालणाऱ्या मनिरामने वळून पाहिलं.

"साहेब, देऊ का हाक?" तो कुजबुजला.

मी ओठांवर बोट ठेवलं. हाताने पुढे चालायची खूण केली.

झाडाच्या बुंध्यामागे अस्वलाची मादी होती, पाठीवर दोन पिलं. आम्ही चार पावलांवर येईपर्यंत तिलाही आमचा पत्ता नव्हता. ती सरळ मनिरामवर आली. आमच्या रायफलींत सरावाची, गोळी नसलेली काडतुसं. ती आम्ही झाडली. बार ऐकून ती पळाली, पण तोवर मनिरामचा चेहरा आणि मान फाटली होती.

मी रेडिओ घेतला. "सराव बंद. माणूस जखमी. गाडी पाठवा."

"जवान आहे?"

"नाही. सिव्हिलियन."

"गाडी निघाली."

साकोलीच्या दवाखान्याच्या वाटेवर, सहा पन्नासला, तो गेला.

दुपारी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, यमुनाबाईने, एवढंच विचारलं, "त्याहीनं हाक काहून नाही देल्ली जी? ते तं कधी भुलत नोहते."

"ध्यानात नसन राहिलं, बाई," मी म्हणालो. चौकशीत मीही, माझ्या जवानांनीही तेच सांगितलं. माझा तो निव्वळ भित्रेपणा होता.

पुढे मी सीमेवर नोकरी केली, पदकंही मिळाली. तिथे कामी आलेल्या आमच्या जवानांची नावं युनिटच्या स्मारकाच्या दगडावर कोरली आहेत. मनिराम फौजी नव्हता, त्याचं नाव कुठेच नाही. त्याच्या गावात अजून म्हणतात, हाक द्यायला विसरला आणि जीव गमावून बसला. यमुनाबाईही तेच मानून गेली.

तो विसरला नव्हता. त्याने दोनदा विचारलं होतं. मी त्याला गप्प केलं.