एक कोयता, एक पोरगी

वनमालाच्या हातानं आजवर सोळा कोप्या उभ्या राहिल्या, पण भाड्याचं घर बघायची पाळी आली तेव्हा तिला कुणी काही विचारलं म्हणाल, तर एकानंही नाही. ज्याला कळतं त्याला विचारायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत.

कोपी म्हणजे ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळ उभारायची चटई-ताडपत्रीची झोपडी. दसरा झाला की वडवणीच्या पल्याडच्या या वस्तीतली निम्मी घरं कुलूप घालून ट्रकात बसतात अन् उन्हाळा लागला की परततात. वनमाला लग्न होऊन आली त्याच वर्षापासून जात होती. ट्रकातून उतरलं की बाकीची माणसं जागा धरायला पळायची, अन् ही बया एखाद्या ठिकाणी सरळ जमिनीवर फतकल मारायची. चांगली दहा मिनिटं. वारा कुठून येतो, पाणी किती लांब, मुंग्यांची रांग कुठून निघते, जाणारं-येणारं माणूस थांबून बोलतं का, हे तिला बसल्या जागी कळायचं. सासू छबुबाई आधी आधी चिडायची, "सून हाय का शेंदूर फासलेला दगड, जिथं तिथं बसती!" पण एका साली अवकाळी आलं, सगळ्यांच्या कोप्यांत पाणी शिरलं अन् हिची तेवढी कोरडी राहिली. तेव्हापासून सासूबाई गुपचूप हिच्या मागं पथारी टाकायला लागली.

तर यंदा नवल झालं. तिचा नवरा उत्तरेश्वर, ट्रॅक्टरवर हात बसलेला गडी, त्याला बीडच्या एका डेअरीत दुधाच्या गाडीवर ड्रायव्हरची नोकरी लागली. बारमाही. हा शब्द त्यानं गावात इतक्यांदा घोळला की पारावरची माणसं त्यालाच 'बारमाही' म्हणायला लागली. "काय बारमाही, च्या पाजतो का न्हाई?" त्याला राग यायचा नाही. उलट छाती फुगायची.

वनमालाला त्या शब्दात वेगळंच काही ऐकू यायचं. पोरगी राजनंदिनी आता नववीत जाणार होती. आठ यत्ता झाल्या, पण जूनमध्ये ज्या बाकावर बसली त्या बाकावर एप्रिलमध्ये एकदाही नाही. दसरा झाला की एका संध्याकाळी ती शाळेतून यायची, ओट्यावर गाठोडी बांधलेली दिसायची, अन् कुणाला काही न विचारता ती आपलं दप्तर त्यातल्या एकात कोंबायची. पुढं मग मिळाली तर कारखान्याजवळची शाळा, नाही तर उसाच्या फडात वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधायचं. पोरगी हुशार, पण तिच्या हुशारीला दरसाल मधूनच कातर लागायची. वनमालानं मनाशी गाठ मारली होती की नोकरी नवऱ्याची असली तरी घर पोरीच्या शाळेवरून ठरणार.

उत्तरेश्वरचं मात्र वेगळं. सोमवारी हजर व्हायचं होतं अन् रविवारी घर बघायला निघताना तो म्हणाला, "आज मिळालं तर मिळालं. न्हाईतर मी डेअरीतच पडतो, तुमी दोघी यंदा गावाकडंच ऱ्हावा. फुडल्या साली बघू."

फुडल्या साली म्हणजे काय, ते वनमालाला पक्कं ठाऊक होतं. दसऱ्याला मजुरांची टोळी गोळा करणारा मुकादम दारात उभा राहणार, घरात बसून काय करती म्हणणार, अन् पोरीसकट ती पुन्हा ट्रकात दिसणार. तिनं पोरीला मोटरसायकलवर मध्ये बसवलं.

पहिलं घर उत्तरेश्वरचा चुलतभाऊ युवराज याच्या कॉलनीत. बीडच्या बाहेर, मोकळ्या माळावर. कमानीवर सोनेरी अक्षरांत 'इंद्रप्रस्थ नगर'. इंद्र तर लांबच राहिला, भर दुपारी रस्त्यावर एक कुत्रंसुद्धा नव्हतं. पण घर असं की बघत राहावं. चकचकीत फरशी, ग्रॅनाइटचा ओटा, मोरीत फवारा. उत्तरेश्वरनं चप्पल बाहेर काढली अन् आत टाचा उचलून चालला.

"दादा, हितं राहिलास तर लोक सायेब म्हनतील तुला," युवराज म्हणाला.

वनमाला पायरीवर बसली. दहा मिनिटं झाली. समोरच्या घरातला पडदा जरासा हलला अन् परत सरळ झाला. कोण, कुठले, कुणी म्हणून विचारलं नाही.

"भावजी, पानी?" तिनं विचारलं.

"टँकर येतो की वैनी. फोन केला का हजर."

"अन् शाळा?"

"शाळेला गाडी लावायची. लई लांब न्हाई, चार-पाच किलोमीटर."

वनमाला लुगडं झटकून उठली. "लई चांगलं हाय घर, भावजी. येतो आमी." युवराजचं तोंड बघण्यासारखं झालं.

दुसरं घर डेअरीच्या समोरच. उत्तरेश्वरला पहाटे चारला गाडी काढायची, त्याला तर हे अगदी हाताशी. पण शाळा पडत होती हमरस्त्याच्या पलीकडं. वनमाला पोरीचा हात धरून रस्ता ओलांडायला उभी राहिली अन् ट्रकांची रांग काही सरेना. "हितं बसून बघायची पन गरज न्हाई," ती म्हणाली.

"सगळ्यालाच न्हाई म्हन तू!" उत्तरेश्वर तडकला. "घर बघायला आलोत का सून बघायला?"

"सून परत धाडता यीना, म्हनून आदीच बघावी लागती. घराचं पन तेच."

तिसरं घर त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शाळा बघायची म्हणून राजनंदिनीनं हट्ट धरला अन् मुलींच्या शाळेच्या मागच्या जुन्या गल्लीत पाटी दिसली, 'दोन खोल्या भाड्याने देणे आहे'. रंग उडालेलं दार, बाहेर दगडी ओटा. वनमाला ओट्यावर टेकली. दोन मिनिटं झाली नसतील, तर "कोन पाव्हनं म्हनायचं?" करत एक बाई आली. दुसरीनं पाण्याचा तांब्या आणून दिला. तिसरी शेवग्याच्या शेंगा घेऊन शेजारीच बसली अन् शेंगा सोलता सोलता तिनं वनमालाचं माहेर नांदूरघाटचं, हेही काढून घेतलं. वनमालानं नवऱ्याकडं बघून नुसती मान डोलावली.

घरमालकीण सरस्वतीबाई. नवरा पोस्टात होता, वारून सहा वर्षं झालेली. बाई जन्मानं नांदेड शहरच्या, लग्नानंतर या गल्लीबाहेर फारशा गेलेल्या नाहीत. सकाळी भिंग घेऊन पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा अन् दिवसभर त्यातल्या चोऱ्यामाऱ्यांची धास्ती घ्यायची, हा त्यांचा नेम. त्यांनी खोल्या दाखवल्या. पाणी एक दिवसाआड, पण हौद मोठा. आणि एक अट. "भिंतीला खिळा ठोकायचा नाही. साहेबांनी स्वतः उभं राहून गिलावा करून घेतलाय. कबूल?"

"कबूल," वनमाला म्हणाली.

"मग माणसं किती तुम्ही?"

हा प्रश्न उत्तरेश्वरला सोळा वर्षं दर हंगामाला विचारला गेला होता. मुकादमानं विचारला, कारखान्याची चिठ्ठी फाडणाऱ्या चिटबॉयनं विचारला. तोंडात बसलेलं उत्तर धाडकन बाहेर पडलं.

"एक कोयता अन् एक पोरगी!"

सरस्वतीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. कालच्याच पेपरात आलं होतं, कुठल्याशा शहरात टोळकं कोयते नाचवत फिरलं म्हणून. "कोयता? माझ्या घरात कोयता? बया बया बया!" असं म्हणत त्या मागं मागं सरकल्या, तिघांना बाहेर काढलं अन् धाडकन दार लावलं. आतून कडी, वर अडसर.

उत्तरेश्वर दाराकडं बघत राहिला. "आता मी काय वंगाळ बोललो?" शेंगावाली बाई हसून हसून लोळायची बाकी राहिली. तो आणखीच भडकला. "चला! मानसाला मानूस न समजनारं गाव हे. युवराजच्या शेजारी घेऊ. फरशी हाय, फवारा हाय. न्हाईतर तुमी जावा गावाकडं."

राजनंदिनी शाळेच्या भिंतीला टेकून उभी होती.

"पप्पा," ती म्हणाली, "हितनं शाळंची घंटा ऐकू यील."

"मग?"

"मला फरशी नको. मला बाक पायजे. जूनमधी बसलेला बाक, एप्रिलपर्यंत. एकदाच."

एवढंच बोलली. हातातली गाडीची किल्ली उत्तरेश्वरनं खिशात टाकली अन् बापडा ओट्यावर जाऊन बसला. वनमालानं पदर खोचला. ती खिडकीपाशी गेली.

"काकू, दार नका उघडू. आतूनच ऐका. आमी ऊसतोडीची मानसं. आमच्यात मानसं मोजत न्हाईत, कोयते मोजतेत. नवरा ऊस तोडतो, बायकू मोळ्या बांधती, दोघं मिळून एक कोयता. ह्यांनी नवरा-बायकू म्हनायच्या जागी कोयता म्हनलं. सवय हो, दुसरं काय न्हाई."

मग खिडकीच्या फटीतून बारीक आवाज आला. "आणि एकटंच माणूस असलं तर?"

"त्येला आर्धा कोयता म्हनतेत."

खिडकीची फट मिटली. वनमालाला वाटलं, संपलं. तेवढ्यात अडसर निघाला, कडी निघाली अन् दारात सरस्वतीबाई उभ्या. हसत होत्या अन् पदरानं डोळेही पुसत होत्या.

"म्हणजे साहेब गेल्यापासून मी अर्धा कोयताच की गं बाई! सहा वर्षं झाली, अन् मला कुणी नावच सांगितलं नव्हतं याचं."

"आर्ध्याला टोळीत एकटं ठिवत न्हाईत, काकू," वनमाला म्हणाली. "दुसरं कुनीतरी जोडीला येतंच."

सोमवारी उत्तरेश्वर डेअरीत हजर झाला अन् पंधरवड्यानं राजनंदिनी नववीत. तिसऱ्या रांगेत, खिडकीशेजारी. छबुबाई शेरडांपायी गावाकडंच राहिली. सरस्वतीबाईंचं भिंग आता पोरीच्या भूगोलावरून फिरायला लागलं, चोऱ्यामाऱ्या मागं पडल्या. उत्तरेश्वर डेअरी लांब पडते म्हणून आठवडाभर कुरकुरला, नंतर गल्लीत त्याला सगळे 'बारमाही' म्हणायला लागले तसा गप झाला. हे नाव इथवर कुणी आणलं, ते वनमालानं कधी कबूल केलं नाही.

एक गोष्ट मात्र राहिलीच. चार महिने झाले तरी वनमालानं घर लावलं नाही. कपडे गाठोड्यात, भांडी पोत्यात, दप्तर कोपऱ्यात जमिनीवर. खिळ्याची अट पाळते म्हणून सरस्वतीबाई गल्लीभर तिचं कौतुक करायच्या. खरं तर अट बाजूलाच होती. सोळा वर्षं जे सामान बांधण्यासाठीच सोडलं, ते मांडायचं कसं, हेच तिच्या हाताला ठाऊक नव्हतं.

दसरा झाला. आठवड्यानं दुपारी छबुबाईचा फोन आला, "टोळी गेली गं. ट्रक आत्ताच हालला." वनमालाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. धुतलेल्या वाकळा घड्या घालायला घेतल्या, मग त्या गुंडाळल्या, वापरातली भांडीही पोत्यात भरली, पोत्याचं तोंड बांधलं. जित्याची खोड! डोकं कुठं अन् हात कुठं. पाच वाजता शाळेची घंटा झाली तेव्हा ती शेवटच्या गाठोड्याला दोरी आवळत होती.

राजनंदिनी दारात आली अन् उंबऱ्यावरच थांबली. गाठोड्यांकडं बघितलं. पायातले बूट काढले नाहीत. खांद्यावरचं दप्तर उतरवून तिनं छातीशी धरलं अन् विचारलं, "आई, ट्रक कवा येनार?"

रडली नाही, भांडली नाही. त्यानंच वनमालाच्या काळजाचं पाणी झालं. तिनं आपल्या हातातली दोरी बघितली अन् ती फेकून पोरीला पोटाशी धरलं. "न्हाई गं माझी माय, कुटं न्हाई जायचं! ह्ये हातच मेले येडे झाले. ट्रक न्हाई, काय न्हाई!" अन् मग तीच हमसून हमसून रडली.

आवाज ऐकून सरस्वतीबाई आल्या. त्यांनी गाठोडी बघितली, मायलेकी बघितल्या. आल्या पावली परत गेल्या अन् गंजका पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात खिळे.

"ऊठ. ठोक."

"काकू, साहेबांचा गिलावा..."

"साहेब असते तर त्यांनीच ठोकला असता. पण हातोडी काही सापडेना मला."

वनमालानं डोळे पुसले. पेटीच्या तळातून सुतळीच्या पोत्यात गुंडाळलेला कोयता काढला. सरस्वतीबाई एक पाऊल मागं सरल्या, मग दोन पुढं आल्या अन् त्यांनी स्वतःच खिळा भिंतीला लावून धरला. "बेतानं मार गं. बोट माझं आहे."

कोयत्याच्या पाठीचे चार घाव बसले. पोपडा उडून सरस्वतीबाईंच्या केसांवर पडला. राजनंदिनीनं पुढं होऊन दप्तर खिळ्याला अडकवलं. सरस्वतीबाईंनी ते ओढून बघितलं अन् नाक मुरडलं.

"आणखी आत जाऊ दे. एप्रिलपर्यंत पुस्तकं वाढतात."

वनमालानं आणखी दोन घाव घातले. मग कुठं राजनंदिनी खाली बसली अन् तिनं पायातले बूट काढले.