रेग्युलेटर निवडायला लागलेला वेळ

मंगळवारी सकाळी माझी बायको नांदेडच्या दवाखान्यात वारली. त्या वेळी आमची मुलगी मालवणजवळ समुद्रात, पाण्याखाली होती. ती वर आल्यावर तिला फोन लागला. बुधवारी ती उदगीरला घरी पोचली आणि मग माती झाली.

आम्ही लिंगायत, आमच्यात दहन नाही. बसवून पुरतात. बायकोच्या डाव्या तळहातावर तिचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं, कपाळाला विभूती लावली, बेलाची पानं घातली. मातीहून परतलेल्या माणसांना हातपाय धुवायला पाणी द्यायचं असतं. त्या उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं. अंगणात एक घमेलं ठेवलं होतं, तळाला थोडं पाणी. लोकांनी त्यात बोटं बुडवली, धोतराला पुसली आणि ते निघून गेले. मी मान खाली घालून उभा होतो. बायको गेल्याचं दुःख त्या वेळी मागे राहिलं आणि घमेल्याची लाज पुढे आली. रात्री आडवा झालो तेव्हा या गोष्टीचीही लाज वाटली.

माझी थोरली बहीण निलंग्याहून आली होती, ती राहिली. तिला मी अक्का म्हणतो. ती मला अजून तम्मा म्हणते, धाकटा भाऊ. मुलगीही राहिली, पण काही आठवड्यांपुरती. मालवणला ती हौशी लोकांना पाण्याखाली उतरायला शिकवायची. आता तिला अंदमानात प्रवाळांची पाहणी करण्याचं काम मिळालं होतं. रुजू होताना स्वतःचा रेग्युलेटर आणायचा, अशी अट होती.

"अप्पा, तुम्ही वाचून सांगा," ती मला म्हणाली. "मला सध्या वाचायला होत नाही."

मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. मला पोहताही येत नाही. पण वाचून सांगणं हे एकच काम मला जमतं, आणि मला काहीतरी काम हवं आहे हे तिनं ओळखलं होतं. मी वाचायला बसलो.

पाणबुड्याच्या पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा फार दाबाखाली असते. रेग्युलेटर हा दाब दोन टप्प्यांत उतरवतो. एक भाग सिलिंडरच्या तोंडावर बसतो, दुसरा माणसाच्या तोंडात, मध्ये नळी.

"शेगडीच्या टाकीला असतंय तसलंच की," अक्का म्हणाली.

"तसलंच, आत्या. तिकडं जाळ, इकडं श्वास."

"मग त्याला एवढं वाचायचं काय?"

वाचायला पुष्कळ होतं. सिलिंडरला शिकंज्यासारखा वरून आवळायचा की आट्यांनी आत फिरवून बसवायचा? आत दट्ट्या असावा की पडदा? सिलिंडर रिकामा होत आला तरी श्वास ओढायला जड जाऊ नये, अशी रचना कोणत्या प्रकारात असते? मी सगळं वाचलं आणि जेवताना तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि तिथंच निकाल दिला.

"पडद्याचा घेऊ, वरून बंद केलेला. आत गाळ शिरत नाही. आट्यांचा, आणि जोडीला शिकंजा ठेवू, म्हणजे कुठलाही सिलिंडर चालेल. झालं."

"दुरुस्तीला कुठं देशील? सुटे भाग तिकडं मिळतात का?"

"बघते."

"बघ. मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी मी वजनाचं काढलं. विमानात किती नेता येतं ते बघायला हवं. त्यानंतर नळीच्या लांबीचं काढलं. माझे सगळे प्रश्न खरे होते. फक्त त्यांची उत्तरं मिळावीत असं मला वाटत नव्हतं. निवड होत नाही तोवर ती घरात राहणार होती, आणि हे मला कळलं तरी मी वाचत राहिलो.

अक्का तिच्या परीनं तेच करत होती, पण उघड. लातूरच्या एका डाळमिलवाल्यांचं स्थळ तिनं आणलं होतं. "आई गेली. बापाला कोण बघील? लातूर काय लांब हाय? सकाळी निघाली की दुपारी बापाच्या चुलीपाशी." मुलगी मुकाट्यानं भाकरी मोडत होती.

टँकर आला की गल्लीत रांग लागायची. त्या दिवसांत उदगीर जिल्हा होणार अशी पुन्हा हवा होती. घागरी पुढं सरकवत लोक त्यावरच बोलायचे.

"जिल्हा झाला की कलेक्टर इथंच बसतो. कलेक्टरच्या घरचा नळ कोरडा राहील का?"

"त्याचा न्हाई राहत. तुझा राहतो."

लोक हसले. मग एक शेजारी माझ्याकडं वळला. "सर, पोरीचं काय ठरलं? जाती का राहती?"

"अजून त्या यंत्राचं ठरायचंय. वाचतोय."

"सर लई दिवस झाले वाचायलेत. वाचता वाचता पोरगी म्हातारी व्हायची."

पुन्हा लोक हसले. मीही हसलो. घागर उचलताना माझे कान तापले होते. त्याला माझ्या मनातलं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे असंच मला वाटत राहिलं.

सगळ्या माहितीपत्रकांत एक सूचना सारखी यायची: समुद्रातून आल्यावर लगेच गोड्या पाण्यात भिजवून ठेवा, नाहीतर मीठ आत धरतं. त्या दिवशी टँकरचं पाणी भरून झाल्यावर मी हे तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, "मालवणहून तू तसाच निघालीस ना? तिथला रेग्युलेटरचा सेट कुठाय?"

तिनं कॉटखालची पिशवी ओढली. सेट तिच्या मालवणच्या गुरूंनी वापरायला दिलेला होता. नळ्यांच्या जोडांवर मिठाचे पांढरे थर आले होते. पितळ हिरवं पडायला लागलं होतं.

"इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"हातपाय धुवायला पाणी नव्हतं, अप्पा. यासाठी कुठून मागू?"

मी न्हाणीत गेलो आणि एक बादली भरली. ती नको नको म्हणत होती. आम्ही दोघं बादलीपाशी बसलो. आत पाणी जाऊ नये म्हणून तिनं सिलिंडरवर बसणाऱ्या भागाला टोपण घट्ट लावलं आणि सेट बुडवला. अक्का दारात येऊन उभी राहिली.

"वा! माणसं बोटं बुडवून गेली, आणि नळ्यांना आंघोळ."

मी मान वर केली नाही. मुलगी विषय बदलायला मला नव्या सेटची मांडणी समजावून सांगू लागली. तिला लांब नळीची पद्धत हवी होती. लांब नळीवरचा भाग आपल्या तोंडात. दुसरा, राखीव, रबरी दोरीनं गळ्यात, हनुवटीखाली.

"जोडीदाराची हवा संपली तर तो घाबरून आपल्या तोंडातलाच ओढतो. मग तोच त्याला द्यायचा आणि गळ्यातला आपण घ्यायचा."

मांडणी चांगली होती. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "आणि गळ्यातलं लिंग? ते कुठं ठेवशील? गळ्यात दोन दोन गोष्टी अडकतील."

मी स्वतः लिंगपूजा कधी करतो, कधी राहून जाते. हा प्रश्न मला भक्तीतून सुचला नव्हता. पण अक्का रोज पूजा केल्याशिवाय पाणी पीत नाही. तिनं चौकट सोडली आणि आत आली.

"काढून ठेवती? का गं? काढून कुणाच्या हवाली करती? अंगावरून लिंग उतरलं की माणसाचं काय राहिलं? अंदमान बिंदमान काही न्हाई. तम्मा, सांग तिला. बाप हाईस ना?"

मला हवं होतं ते मागितल्याशिवाय मिळालं होतं. आता मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि मी गप्प बसलो. मुलीनं माझ्याकडं बघितलं. तिनं बराच वेळ बघितलं. मी बादलीतले बुडबुडे बघत राहिलो.

मग तिनं बाही वर केली. दंडाला कापडाची पट्टी होती, रुंद, दुहेरी शिवलेली, आणि तिच्या आत लिंगाचा उंचवटा.

"आईनं मागच्या वर्षी शिवून दिली. पाण्यात जावं लागतं म्हणून आता दंडालाच बांधते, वरून सूट. पूर्वीची माणसं दंडालाही बांधायची, म्हणाली. काढत नाही मी, आत्या."

अक्कानं तिचा दंड हातात धरला. पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. "तिचीच शिवण हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तुला न्हाई सांगितलं व्हय रे तिनं?"

"आई म्हणाली, अप्पांना सांगू नको. ते वाचत बसतील."

मुलीनं हे टोमणा म्हणून सांगितलं नाही. आई जे म्हणाली तेच सांगितलं. अक्का मोठ्यानं हसली आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला. माझी बायको गेल्यापासून अक्का पहिल्यांदा रडत होती. मुलगी तिच्यापाशी जाऊन बसली. मी जागचा हललो नाही. माझ्या बायकोला मी पुरता माहीत होतो. मी पोरीला कसा अडकवून ठेवीन, हे तिनं वर्षभर आधी ओळखलं होतं आणि त्याची तजवीज करून ठेवली होती. तिच्यासमोर मला कधी एवढं उघडं वाटलं नव्हतं, आणि आता ती समोर नव्हती.

मग मी म्हणालो, "पडद्याचा. वरून बंद. आट्या, जोडीला शिकंजा. लांब नळी. आजच मागव."

"आणि सुटे भाग?"

"तू बघितले असशील."

"केव्हाच, अप्पा," ती म्हणाली. "चेन्नईला मिळतात."

ते खारट पाणी झाडालाही घालता येत नव्हतं. मी ते संडासात ओतलं. लातूरच्या लोकांना नकार कळवायचं अक्कानं स्वतःकडं घेतलं. "पण तू राहणार कसा?" तिनं विचारलं. "भाकरी कशी थापायची ते दाखव," मी म्हणालो.

सेट आला. मुलीनं तो तपासून बॅगेत भरला आणि हैदराबादच्या बसनं ती गेली. पुढच्या आठवड्यात अक्का निलंग्याला परतली.

आता घरात मी एकटा राहतो. स्वयंपाक येत नव्हता, तो थोडा येऊ लागला आहे. मुलगी अंदमानात काम करते.