आवाज आतच ठेवा

मी एका बाईच्या हातात गुलाबाचं फूल दिलं आणि तिला गप्प राहायला शिकवलं. तेही गाण्याच्या तालमीत. माझे मूर्खपणे लिहायला बसले तर नातीची दोनशे पानी वही पुरायची नाही, पण पहिल्या पानावर हाच.

मी तरी हे शिकले कुठे? तेच आधी सांगते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावात एका शाळेत मी शिपाई होते. शनिवारी दुपारी हॉलमध्ये कॉलनीतल्या बायकांचं समूहगान मंडळ तालीम करायचं. सतरंज्या मी अंथरायचे, पेटी मी आणून ठेवायचे. मंडळ ज्या चालवायच्या त्यांना सगळे ताई म्हणत. त्यांचे मिस्टर डॉक्टर, शाळेच्या कमिटीवर. एक दिवस ताई म्हणाल्या, "तुम्हीही या आमच्यात. आणि वस्तीतल्या अजून चार-पाच जणी आणा." मला वाटलं, झाडताना मी गुणगुणते ते यांच्या कानावर गेलं. झालं! मी हवेत. वस्तीभर सांगत सुटले.

तिसऱ्या तालमीला ताईंनी पेटी थांबवली. उठल्या. ओळीतून चालत प्रत्येकीच्या तोंडाशी कान नेत माझ्यापाशी आल्या. थांबल्या.

"हा शेतातला आवाज आहे. पाखरं हाकलायचा."

सगळ्या हसल्या. मग मला म्हणाल्या, "तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज आतच ठेवा."

गाणं कोणतं होतं? माणसं सगळी एक, अशा अर्थाचं.

मी काय केलं? "हो ताई," म्हणाले. वर हसले. कारण त्या मला 'तुम्ही' म्हणाल्या होत्या. शाळेत चौथीतलं पोरगंही मला 'ए बाई' म्हणायचं. एका 'तुम्ही'वर मी अख्खा गळा देऊन टाकला.

आणि मन लावून ओठ हलवायला शिकले. घरी आरशासमोर उभी राहून. 'आ'ला जबडा किती उघडायचा, तान आली की भुवई कुठे न्यायची. नवरा चहा पीत बघायचा. म्हणायचा, "रेडू चालू शे, आवाज बंद." मी त्याच्यावर चिडायचे. त्याला कलेतलं काय कळतं!

मग ताईंनी मला नव्या बायकांचं स्वागत करायचं काम दिलं. वस्तीतल्या पाच जणी आल्या. त्यात द्वारका. नशिराबादची मुलगी, आमच्या गल्लीत दिलेली, डाळ मिलमध्ये निवडायला जायची. वीस-बावीस वर्षांची. पाणी भरताना तिनं तोंड उघडलं की नळावरचं भांडण थांबायचं, असा आवाज. तिला मी फूल दिलं, साखर दिली, शेवटच्या ओळीत उभं केलं आणि कानात सांगितलं, "आपण आवाज काढायचा नाही. ओठ हलवायचे. मी शिकवते."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "अक्का, मंग गानं कोन म्हनस?"

"पुढच्या बायका."

"मंग आपन काय कराले उनूत?"

कशाला आलो ते विचारायचं नसतं, म्हणत मी तिला गप्प केलं. शिस्त म्हणतात याला, असं काहीतरी बोलले. पण त्या दिवशी सतरंज्या गुंडाळताना एक घडी तीनदा घातली.

महिन्यानं धुळ्याला स्पर्धा. सगळ्यांना एकसारखे काठ असलेल्या साड्या. स्टेजवर आम्ही मागे. दोन कडवी झाली. तिसऱ्याला माझ्या डाव्या कानाशी आवाज फुटला. द्वारका गात होती. चोख सुरात, मोकळ्या गळ्यानं. समोरचे लोक माना उंचावून बघायला लागले, कोण गातंय म्हणून. ताईंची पाठ ताठ झाली. मी? मी ओठ हलवत राहिले. मोठ्या तयारीनं.

नंबर आला नाही. पडद्यामागं ताईंनी विचारलं, "कोण होती ती?" त्या माझ्याकडं वळल्या. "तुम्ही सांगा. माणसं तुमचीच आहेत."

माझं बोट आपोआप वर झालं, असं मी पुष्कळ वर्षं सांगायचे. आपोआप काही झालं नाही. मी उचललं.

ताई द्वारकाला म्हणाल्या, "उद्यापासून यायचं नाही. स्पर्धेला वीस बायका हव्यात असा नियम नसता तर तुम्हा लोकांना उभं कोणी केलं असतं?"

म्हणजे असं. कॉलनीत चौदा होत्या. कमी पडल्या सहा. कोणी माझं गुणगुणणं ऐकलं नव्हतं. मी डोकं होते, गळा नव्हते.

द्वारकानं केसातला गजरा काढून खुर्चीवर ठेवला आणि स्टँडवर जाऊन दुसऱ्या एसटीत बसली. आमची एसटी पारोळ्याला थांबली, एरंडोलला थांबली. माझे पाय एका जागी ठरेनात. शेजारची म्हणाली, "काय झालंय तुम्हाला, मुंग्या चावताहेत का?"

पुढच्या शनिवारी सतरंज्या अंथरल्या. पेटी आणली. शेवटच्या ओळीत उभी राहिले आणि गायले. पाखरं हाकलायच्या आवाजात. पहिल्याच ओळीला पेटी बंद पडली. मी थांबले नाही. तीनही कडवी म्हटली.

ताई म्हणाल्या, "तुम्हाला काय सांगितलं होतं?"

मी म्हणाले, "ताई, डोकी मोजून घ्या. अजून एक कमी झालं."

आणि सतरंज्या न गुंडाळता निघाले.

सोमवारी कमिटीनं बोलावलं. नोकरी ठेवली. हॉलचं काम काढून संडासांचं दिलं. केलं. रोज केलं. मोठ्यानं गात केलं. पार वर्गात ऐकू जायचं, जाऊ दे.

मग वस्तीतल्या बुद्धविहारात आपलं मंडळ काढायचं ठरवलं. नियम एकच. नवी बाई आली की आधी तिनं एकटीनं गायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. गळा कसाही असो. आवाज आत ठेव असं इथं कोणी कोणाला सांगणार नाही. आणि सांगितलं, तर ते माझ्या तोंडून तर नाहीच नाही.

द्वारकाला बोलवायला डाळ मिलच्या फाटकाशी गेले. तिच्या पापण्यांवर डाळीची धूळ होती. "चुकले," म्हणाले. तिनं 'असू दे' म्हटलं नाही. पदरानं तोंड पुसलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली:

"येसू. पन मी पुढे उभी राहसू, तू मांगे. आन् नुसता ओठ हलाडू नको, अक्का. मी कान लाईसन ऐकसू."