दप्तरवाल्या पोरांची गल्ली

डोईफोडिया सोडलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. मामाच्या बैलगाडीत भांडी, जातं, घोंगड्या आणि आम्ही सहा जण होतो. आबा, माय, मी, काका, काकू आणि त्यांचा ओंकार. ओंकार माझ्यापेक्षा वर्षाने मोठा. दोघेही गावच्या शाळेतून चौथी पास झालो होतो. आम्ही गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसलो, त्यामुळे गाव लहान होत जाताना फक्त आम्हा दोघांनाच दिसलं. बाकीचे सगळे पुढे बघत होते. माय रडत होती आणि रडता रडताच काकूला विचारत होती, "मीठ घेतलं ना गं?"

बुऱ्हाणपूरजवळ लालबागेत एका शेठच्या कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, आबांना आणि काकांना काम मिळालं होतं. आबा काट्यावर कपाशी तोलणार, काका आत गठाणी बांधायला. वाटेत खकनारला बैल सोडून भाकरी खाल्ली, तिथेच दोघा भावांचं पहिल्यांदा वाजलं. काकांचं म्हणणं सरळ होतं. जिनाला लागून खोल्या आहेत, तिथे राहू, भोंगा झाला की चार पावलांत कामावर. आबा म्हणाले, "मी शहरात बघतो. इंग्रजी शाळा शहरात आहे."

"दादा, तू येडा झाला काय? नोकरी लालबागेत अन् घर शहरात? रोज तीन मैल जाशील अन् तीन मैल येशील?"

"पाय माझेच दुखतील ना? दुखू दे."

माय म्हणाली, "वा! मास्तर जवळ अन् मालक दूर." ती हसली नाही, पण काकू हसली.

आबांनी घर कसं शोधलं ते मी इथे नागपूरच्या कॉलेजात एका मित्राला सांगितलं, तर त्याला ते खोटं वाटलं. आबांना शहरातलं कोणी ओळखत नव्हतं. त्यांना आकडे येत, अक्षरं येत नसत. शाळा सुटायच्या वेळी ते मला घेऊन शाळेसमोर उभे राहिले. पोरं बाहेर आली तशी आम्ही त्यांच्या मागे चालू लागलो. कोण कुठे वळतं ते आबा बघत होते. राजपुऱ्याच्या दरवाजाजवळच्या एका गल्लीत सात-आठ पोरं दप्तरं घेऊन वळली. आबा तिथेच थांबले. "ही गल्ली ठीक आहे. इथे तुला विचारायला कोणी ना कोणी मिळेल." मग त्यांनी दारोदार जाऊन खोली विचारली. तिसऱ्या दारी मिळाली. शेजारी विणकराचा माग दिवसभर खटखट करायचा, पण आबांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी गल्ली पोरांवरून निवडली होती.

काका मात्र जिनाजवळच्या खोलीत राहिले. हंगाम संपला की गावी परत जायचं असं ते म्हणत, म्हणून त्या वर्षी ओंकारला कुठल्याच शाळेत घातलं नाही.

ज्यासाठी आबांनी ते घर घेतलं ते मला मिळालं, हे मी मान्य करतो. शाळा जवळ होती. घंटा झाल्यावर निघालो तरी प्रार्थनेला पोचत असे. गल्लीतल्या पोरांनी मला इंग्रजी अक्षरं शिकवली. पण आबा उजाडायच्या आत निघत आणि दिवेलागणीनंतर परत येत. शाळेचा दरवाजा त्यांनी त्या पहिल्या दिवसानंतर उघडा असा पाहिलाच नाही. घरी आल्यावर कंदील माझ्याकडे सरकवत आणि स्वतः दाराशी अंधारात पाय चोळत बसत. मी काही बोलायला गेलो तर म्हणत, "वाच, वाच." माझा अभ्यास बुडू नये म्हणून ते माझ्याशी बोलत नसत. हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

आणि दुपारी ते काकांकडे जेवत. जिनापासून आमचं घर दूर, काकांचं चार पावलांवर, म्हणून हे आपोआप ठरून गेलं. रविवारी ओंकार काकूबरोबर आमच्याकडे यायचा आणि आठवडाभराच्या गोष्टी सांगायचा. "मोठ्या आबांनी मला पावकीचा पाढा शिकवला. काट्यावर उभं केलं, माझं वजन केलं. डोईफोड्याच्या वाघाची गोष्ट सांगितली." कुठला वाघ? मला तर कधी सांगितली नव्हती. मी विचारलं तर ओंकार म्हणाला, "अरे, तुला नाही ठाऊक? तुझाच बाप ना?" तो चिडवत होता, नेहमीसारखा. पण ते माझ्या पोटात गेलं आणि तिथेच राहिलं. माझ्या शाळेसाठी घर घेतलं आणि बाप ओंकारला दिला, असा माझा हिशेब झाला. ओंकारच्या ताटाशेजारी माझे आबा बसतात, पोटभर बोलतात, हसतात. मला उरतो तो थकलेला माणूस, दाराशी पाय चोळणारा.

काका गावी परत गेले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात आबा एका रविवारी म्हणाले, "सुकदेव, ओंकारला आपल्याकडे ठेवू. तुझ्या शाळेत जाईल. तुझ्याजवळच झोपेल. मास्तरांना विचार, जागा आहे काय." ओंकार तिथेच होता. त्याचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. काकू म्हणाली, "मोठ्या रस्त्याने एकटा पोर मी पाठवत नव्हती. तुमच्याकडे राहिला तर माझी ना नाही."

मी मास्तरांना विचारलं. खरंच विचारलं. ते म्हणाले, "चौथीचा दाखला घेऊन ये म्हणावं, जागा आहे." जागा मलाही माहीत होती. माझ्या खालच्या वर्गात मागची बसायची पट्टी रिकामीच असायची.

घरी येताना मी काही ठरवलं नव्हतं. एवढंच मनात येत होतं की आता ओंकार इथेही येणार. कंदिलाजवळ तोही बसणार, आणि त्याच्यासाठी आबा दारातून उठून आत येतील. रात्री आबांनी विचारलं, "काय म्हणाले मास्तर?"

"वर्ग भरला," मी म्हणालो.

"भरला?" आबांनी कंदील माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "मास्तर म्हणाले म्हणजे झालं. पुढल्या सालाला बघू."

त्यांनी शाळेत जाऊन विचारलं असतं तर? पण ते जाणार कधी? शाळा उघडायच्या आधी ते लालबागेत असत. शाळेबद्दल मी सांगेन तेच त्यांना ठाऊक. पुढच्या रविवारी ओंकारने मला बाजूला घेतलं. "किती पोरं आहेत रे त्या वर्गात?" मी म्हणालो, "बसायला जागा नाही." तो म्हणाला, "अच्छा." आणि आम्ही तापीवर पोहायला गेलो. पुढल्या सालाआधीच काकांनी त्याला जिनात लावला. सरकीच्या धुळीने खोकत यायचा, पण तक्रार करायचा नाही. मॅट्रिक झालो तेव्हा सगळ्या गल्लीत पेढे त्यानेच वाटले.

इथे बोर्डिंगमध्ये मेसच्या जेवणाला आणि न कळणाऱ्या लेक्चरांना मी आता सरावलो आहे. ज्यांचे वडील वकील आहेत अशा मुलांमध्ये मी कमी बोलतो. त्यांचा मला हेवा वाटतो, पण तो वरवरचा. खरा हेवा अजून तोच जुना आहे. माझी पत्रं लालबागेला जातात. दुपारच्या जेवणाला ओंकार ती आबांना मोठ्याने वाचून दाखवतो. घरून येणारं पत्र त्याच्याच अक्षरात असतं. "आबा म्हणतात," असं सुरू होतं, आणि आबा काय म्हणतात ते मला ओंकारकडून कळतं.

परवा त्याचं पत्र आलं, या वेळी स्वतःचं. लालबागेत आल्यावर जन्मलेली त्याची बहीण कौशी आता सात वर्षांची आहे. तिला मुलींच्या शाळेत घालायचं म्हणून तो शहरात खोली शोधतो आहे. स्वतः रोज चालत जिनात येईन म्हणतो. "तुला शाळांची माहिती. कुठला मोहल्ला बरा, ते लिही. आबा म्हणतात तुमच्या शेजारचा विणकर खोली सोडतो आहे. तू सांगशील तसं."

मी आधी एक पत्र लिहिलं. शेजारची खोली ओलसर आहे, राजपुऱ्यातून मुलींची शाळा लांब पडते, दुसरीकडे बघ. त्यातलं अर्धं खरंही होतं. लिहिताना मला दिसत होतं की ओंकार शेजारी आला तर सकाळी तो आणि आबा बरोबर निघतील, तीन मैल बोलत जातील, तीन मैल बोलत येतील. मी त्या रस्त्याने आबांबरोबर एकदाही चाललो नाही. पत्र पाकिटात घातलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतो आहे, या वेळी कौशीला.

ते फाडून दुसरं लिहिलं. विणकराची खोली घे. माय जवळ आहे, कौशीला शाळेत पोचवेल. एक दिवस जिनात रजा टाक आणि शाळेत स्वतः जा, स्वतःच्या तोंडाने विचार, माझ्या सांगण्यावर राहू नकोस. कारण त्या वर्षी वर्ग भरला नव्हता. जागा होती. मास्तर हो म्हणाले होते. मी खोटं बोललो.

कोणी घर विचारलं तर मी राजपुरा सांगतो. पण माझ्या मनात घर म्हणजे काकांच्या खोलीतली ती दुपारची पंगत, जिथे मी क्वचितच जेवलो. पत्र तिथेच उघडलं जाईल. ओंकार नेहमीसारखा मोठ्याने वाचायला लागेल आणि त्या ओळीशी थांबेल. आबा घास हातात धरून विचारतील, "पुढे काय लिहितो सुकदेव?"

पत्र आज सकाळी टपालात टाकलं. पुढचं वाचायचं की नाही, ते ओंकारने ठरवावं.