खळीनं चिकटवलेला कायदा

सोनईच्या शाळेत मी पहिलीचा वर्ग घ्यायची, तेव्हा वर्गातल्या एका मुलीची वेणी रोज प्रार्थनेआधीच सुटलेली असायची. तिला आई नव्हती. वेणी घालायचे ते तिचे वडील, आमच्याच शाळेतले गुरुजी. फळ्यावर त्यांचं अक्षर मोत्यासारखं, वेणी मात्र दावं वळल्यासारखी. मी ती सोडून पुन्हा घालायची. पुढे गुरुजींनी माझ्या भावाकडे शब्द टाकला, की बाई मोकळ्या झाल्या तर मला त्यांच्याशी लग्न करायचं आहे. मलाही ते हवं होतं, फार हवं होतं.

पण मी मोकळी नव्हते. मला मिरजगावला दिली होती आणि मारझोडीला कंटाळून मी माहेरी आले होते. पोटगी चुकवायला नवऱ्यानं उलट माझ्यावरच नांदायला येण्याचा दावा लावला आणि जिंकला. मी गेले नाही. त्यानंही वाट पाहिली नाही, दुसरी आणून बसवली. याला दोन वर्षं उलटून गेल्यावर भाऊ त्याला भेटून आला आणि ओसरीवर टोपी काढून बसला.

"म्हनला, नांदवनार न्हाई अन् सोडनार बी न्हाई. लई माजलाय त्यो."

मग आम्ही नेवाशाला वकिलांकडे गेलो. वकील म्हातारे आणि सज्जन. त्यांचं कायद्याचं पुस्तक फुगून दुप्पट झालेलं.

"दुरुस्त्या दिल्लीहून सुट्या येतात," ते म्हणाले. "अख्खा कायदा पुन्हा कोण छापतो? आपणच कापून जिथल्या तिथं डकवायच्या."

आमचं कलम निघालं. पानावर पांढरट भुगा होता, तो त्यांनी बोटानं झटकला आणि वाचलं. हुकूम पाळला गेला नाही तर दोन वर्षांनी घटस्फोट मागता येतो, पण निकाल ज्याच्या बाजूनं लागला त्यानंच तो मागायचा.

"तुमच्या हातात काही नाही, बाई."

गुरुजी वर्षभर थांबले. घरात दोन लहान मुली आणि थकलेली आई, माणूस थांबून थांबून किती थांबणार? अक्षय्य तृतीयेला त्यांनी राहात्याच्या मुलीशी लग्न केलं. मी अक्षता टाकून, जेवून आले. जिलबी चांगली झाली होती, तेवढं सगळ्यांना सांगत सुटले.

दिवाळीच्या सुट्टीत नगरला गेले होते. तिथल्या वाचनालयात मी तोच कायदा मागितला. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते, दुसरं काय. पुस्तक नवं होतं, सगळ्या दुरुस्त्या जागच्या जागी घालून सलग छापलेलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की दोघांपैकी कोणालाही मागता येतो. ही दुरुस्ती मी नेवाशाला गेले त्याच्या कितीतरी आधीची होती. मी ते वाचलं आणि टेबलावरच रडले.

तशीच नेवाशाला गेले. वकिलांनी आपलं पुस्तक उजेडात धरलं. कलमाखाली खळीचा पिवळट चौकोन तेवढा उरला होता.

"मीच डकवली होती," ते हळू म्हणाले. "कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते राहिलं. कसरीनं चिठ्ठी खाल्ली."

जुनं पान शाबूत होतं. कसरीला नेमका माझाच कायदा गोड लागला. त्या दिवशी त्यांनी बोटानं झटकला तो भुगा मी डोळ्यांनी पाहिला होता.

अर्ज त्यांनीच केला. वर्ष उलटायच्या आत निकाल लागला. भाऊ म्हणाला, "सुटलीस बाय एकदाची." हो, सुटले.

मी वर्गाबरोबर वर सरकत होते, त्यामुळे ती मुलगी अजून माझ्याकडेच होती. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर ती पुढच्याच रांगेत बसलेली. नवी आई वेणी चापूनचोपून घालायची. शाळा सुटेपर्यंत मी अधूनमधून तिच्याकडे पाहत होते, पण त्या वेणीचा एक केसही सुटला नाही.