हक्कसोडाची साडी

आमच्याकडं बहिणीची जमीन काढून घ्यायची रीत फार प्रेमळ आहे. आधी तिला जेवायला बोलावतात, पुरणपोळी करतात. मग जीपमध्ये बसवून नोंदणी कचेरीत नेतात आणि बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला राजीखुशीनं सोडला, असं हक्कसोडपत्र करून तिची सही घेतात. परतताना गुलमंडीच्या बाजारातून घेतलेली साडी तिच्या हातावर ठेवतात. बहीण डोळे पुसते, भाऊही पुसतो. या रीतीचा मला इतका संताप येतो की माहेरी पुरण शिजायला लागलं की मी आधी विचारते, आज काय आहे?

माझ्या आत्यानं ती साडी घेतली नव्हती. लासूर स्टेशनजवळच्या जमिनीत तिनं आपला वाटा मागितला आणि रीतसर वाटणी करून घेतला. बस्स, माहेर तुटलं. भाऊबीज बंद झाली, लग्नाच्या पत्रिका बंद झाल्या. माझे वडील, म्हणजे तिचे सख्खे थोरले भाऊ, चारचौघांत म्हणायचे, "ना पोर ना बाळ. खाणारं कोण हाय तिला? नुस्ती हाव!"

विधवा बाई, शहरातल्या उस्मानपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहून विद्यापीठातल्या मुलींना जेवणाचे डबे द्यायची. मीही शहरातच नोकरीला होते, दर रविवारी तिच्याकडं जायचे. वडिलांना ते ठाऊक होतं, पण तो विषय आम्ही दोघंही काढत नसू.

मग पाऊस न पडलेली वर्षं सलग आली. शहर मात्र वाढतच होतं. आमच्या गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असायच्या आणि टँकर त्यांच्या नाकासमोरून नव्या इमारतींच्या बांधकामावर जायचे. सिमेंटला आधी पाणी, माणसाला मागून. आत्याकडं मुली यायच्या आणि खाली बघत म्हणायच्या, "मावशी, उद्यापासून दोघींत एकच डबा द्या." आत्या एकाच डब्यात दोघींच्या पोळ्या कोंबायची. झाकण लागायचं नाही, मग फडक्यानं बांधायची.

एके दिवशी एका मुलीचा बाप तिची पेटी न्यायला आला. शेतात काहीच पिकलं नव्हतं, तेव्हा शिक्षण बंद आणि यंदाच लग्न. आत्या म्हणाली, "राहू द्या की तिला. जेवायचं मी बघते." तो बिचारा हात जोडून म्हणाला, "फुकटचं किती दिस खाईल, बाई?" मुलगी पेटीमागं निघून गेली.

आत्या ओट्याला टेकली. मग म्हणाली, "मलाबी असंच काढलं हुतं शाळंतून. असाच दुष्काळ हुता. दादाला ठिवलं. ज्वारी एकालाच पुरती म्हणले. एकालाच ठिवायचं हुतं, तर मला का नाय?"

 

त्यानंतर तिनं नोंदणी कचेरीत जाऊन मृत्युपत्र केलं. आपल्यामागं जमीन विकावी, पैसा विद्यापीठाला द्यावा आणि त्याच्या व्याजातून दुष्काळी गावांतल्या मुलींना वसतिगृहात दोन वेळचं जेवण मिळावं. साक्षीदार म्हणून तिच्या डॉक्टरांनी आणि मी सही केली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आता कुनाचीबी पेटी उचलायला नगं."

ती गेली तोवर शहर लासूरच्या वाटेला लागलं होतं. तिच्या तुकड्याशेजारी प्लॉटिंगवाल्यांचे पांढरे दगड रोवले गेले होते आणि जमिनीला सोन्याचा भाव आला होता. बहिणीच्या दुखण्यात एकदाही न फिरकलेले वडील तिच्या दहाव्याला पहिले हजर होते. मृत्युपत्र कळलं तसे ते तिथंच ओरडले, "विद्यापीठाला? ते काय तिचं सासर हाय का माहेर?" मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तू कोर्टात एवढंच सांग, सही केली तव्हा तिला भान नव्हतं."

माझं डोकं भडकलं. मी म्हटलं, "अण्णा, त्या सकाळी तिनं सगळ्या पोरींचे डबे भरले होते. कुणाला तिखट चालत नाही, कुणाचा उपास आहे, सगळं तिच्या ध्यानात होतं. भान नव्हतं ते तुम्हाला. तुमच्या वाट्याला तिची ज्वारी आली होती!"

वडिलांनी दावा लावला, तेव्हा कोर्टातही मी डब्यांचंच सांगितलं. निकाल लागायला वर्षं गेली आणि त्या वर्षांत किती पेट्या गावाला परत गेल्या, ते कोण सांगणार? पण मृत्युपत्र टिकलं. जमीन विकली गेली, पैसा विद्यापीठाला पोचला आणि मुली जेवायला लागल्या. वडील माझ्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. ते गेले तेव्हा मी रडले. कितीही राग असला तरी बाप तो बापच.

वर्षश्राद्ध झालं आणि पंधरवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, जेवायला ये. पुरणपोळी केलीय."

मी गेले. पोटभर जेवले. त्यानं गुलमंडीतल्या दुकानाची पिशवी पुढं केली. आत हिरवी, रुंद काठांची साडी होती. साडीखाली कागद होते.

"तुझं पेन्शन हाय, ताई. लगीन तू केलं नाय. खाणारं कोण हाय तुला?"

बापाचंच वाक्य, फक्त 'तिला'च्या जागी 'तुला'. मी कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवले आणि साडी तेवढी पिशवीत घालून घेतली.

"लई जणी हायेत," मी म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात मी नोंदणी कचेरीत जाऊन बापाच्या जमिनीतल्या माझ्या वाट्याचं मृत्युपत्र केलं. त्याच विद्यापीठाला, त्याच जेवणासाठी. तिथल्या कारकुनानं माझ्याकडं बघून विचारलं, "काय बाई, घरी काही कार्य आहे का? साडी झकास आहे."

"भावानं घेतली," मी म्हटलं आणि सही केली.