सकाळची शाळा, दुपारचा घाणा

घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवरची झापडं मी माझ्या हातानं सोडली. घाणा चालू होता, वर्गातली पोरं भिंतीला टेकून उभी होती, आणि मी पुढे होऊन गाठ सोडली. मला कुणी सांगितलं नव्हतं. दया आली होती. दया आली की माणसानं आधी आपले दोन्ही हात पाठीमागे धरावेत, हे शहाणपण पुढे आलं. तेव्हा मी नुकतीच मास्तरीण झाले होते, आणि नव्या मास्तरणीला जगात दुरुस्त करण्यासारखं फार काही दिसतं.

महाराष्ट्र राज्य नवं होतं, मीही नवीच. शेगावच्या स्टेशनाजवळ वाढलेली मुलगी, दोन वेण्या, इस्त्रीची पांढरी साडी, काखेत छत्री. वरवट बकालच्या पुढे गाडीवाटेनं एक गाव होतं, तिथल्या शाळेत माझी नेमणूक झाली. ट्रेनिंगला आम्हाला शिकवलं होतं की मूल डोळ्यांनी पाहतं तेच खरं शिकतं. 'आपल्या गावात कोण काय काम करतं' हा धडा आला, तशी मी पोरांची रांग लावली आणि गावात काम पाहायला निघाले.

कुंभाराच्या अंगणात उभी राहून मी कुंभाराच्याच पोराला सांगत होते की मडकं चाकावर करतात. पोरगं बिचारं मान डोलवत होतं. त्याच्या बोटांवर सकाळचा चिखल होता.

तिथून तेलिणीकडे. तिचा नवरा जाऊन दोनेक वर्षं झाली होती. घाणा तीच चालवायची. लाकडाचं मोठं उखळ, त्यात फिरणारा उभा जाड दांडा म्हणजे लाट, लाटेला जोडलेली फळी, फळीवर वजनाला धोंडा, आणि फळीला जुंपलेला एक म्हातारा बैल. बैल फिरला की लाट फिरते, लाटेखाली तीळ नाहीतर जवस चेपतं, तेल खालच्या भांड्यात उतरतं. उखळात उरते ती ढेप, गुरांची आवडती पेंड. ती तेव्हा भिंतीशी ताजीच काढून ठेवली होती. बैलाच्या डोळ्यांवर चामड्याची झापडं.

तेलीण पाणी प्यायला घरात गेली. तेवढ्यात मी पोरांना म्हणाले, "बघा, बिचाऱ्याला उजेडसुद्धा नाही." आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

बैलानं दोनदा पापण्या मिटल्या. मग त्याला ढेप दिसली. सगळा जन्म तो तिच्याभोवती फिरत आला होता, कधी भेट नव्हती. तो जुवासकट भिंतीकडे वळला. फळी तिरपी झाली, धोंडा घरंगळला, लाट उखळातून उसळली आणि वरच्या टोकापाशी कडाडून फाटली. झापडं माझ्या हातातून पडली, ती त्याच्या खुराखाली. पोरांना तर जत्राच वाटली.

तेलीण बाहेर आली. तिनं आधी बैलाकडे पाहिलं, मग लाटेकडे, मग माझ्याकडे.

"बाई, हे तुमीन केलं?"

"त्याला दिसत नव्हतं," मी म्हणाले.

"हाव. दिसू नये म्हनूनच बांधलं होतं."

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मी रडून मोकळी झाले असते. ती उखळाच्या काठावर बसली आणि फाटलेल्या लाटेवरून हात फिरवत राहिली. मी म्हणाले, मी दुरुस्त करून देते. ती म्हणाली, "तुमी?" एवढंच.

मग तिनंच सांगितलं. होळी होऊन गेली होती, शेतातून जवस अन् करडी येऊ लागली होती. लोक बी घेऊन येणार, तेल न्यायला. तिकडे शेगावला तेल काढायची मशीन बसली होती. "एकदा गाडी मशिनीकडे वळली का मंग वळलीच, माय. घाना बंद पाह्यला तं कोन थांबते? मंग म्या काय करू? लोकायच्या वावरात निंदाले-खुरपाले जाऊ? ह्या गुडघ्यायनं?"

शाळेत हेडगुरुजींना कळायला वेळ लागला नाही, पोरांनी रस्ताभर गायलं होतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तुम्हाला पोरायले बैल दाखवाले सांगतलं होतं. बैलाले पोरं दाखवाले नाही."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सकाळची झाली. उन्हाळ्यात आमच्याकडे होतेच. शाळा सुटली की दुपार मोकळी, आणि ती दुपार घेऊन मी मिस्त्री चाचांकडे गेले. गावातले सुतार. त्यांच्या दारात वखरं, तिफणी, गाडीची चाकं यांचा ढीग पडला होता. पेरणीच्या आधी सगळ्या गावाला सगळं एकदमच हवं असतं. मी सांगितलं, लाट करून द्या, तातडीनं.

"बाभळीचं खोड है," ते म्हणाले. "पन चिरनार कोन? करवत दोघायची. पोरगा गेला खामगावले, कापसाच्या जिनिंगमंदी."

"मी धरते."

त्यांनी माझ्या साडीकडे पाहिलं. मग करवतीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

पहिल्या दुपारी मी ती करवत नुसती ढकलत होते. माझं टोक वाकायचं, त्यांचं अडकायचं. ते थांबायचे, श्वास घ्यायचे. "बाई, ढकलू नोका. तुमी फक्त ओढा. ढकलाचं माह्यावर सोडा." मी 'हो' म्हणायचे आणि परत ढकलायचे. ढकलण्याची खोडच होती माझी. तळहाताला फोड आले, फोड फुटले, साडीवर भुसा. दुसऱ्या दिवशी सकाळी खडू धरला की अक्षर आडवं जायचं. मधे ते बिडी ओढायला बसायचे आणि मी भिंतीला पाठ लावून डोळे मिटायचे. एकदा तिथंच झोप लागली. जागी झाले तेव्हा चाचा एकटेच, एका हाताच्या छोट्या करवतीनं, माझ्या वाटणीचं काम करत होते. म्हणाले, "झोपा, झोपा. करवत काई कुठी जात नाही."

नव्या झापडांसाठी गावाच्या कडेला, मोट शिवणाऱ्या म्हाताऱ्या चांभाराकडे जावं लागलं. विहिरीवरच्या मोटा फाटल्या की सगळे त्याच्याकडे, आणि सगळ्यांच्या मोटा उन्हाळ्यातच फाटतात. त्यानं मला दोऱ्याला मेण लावायच्या कामाला बसवलं. दोरा ओढायचा, मेण लावायचं, परत ओढायचा. त्यालाही कुणी हाताखाली नव्हतं. आरीनं भोक पाडताना तो पायाच्या अंगठ्यात चामडं धरायचा आणि मान इतकी खाली घालायचा की मला त्याचा चेहरा दिसायचाच नाही. मी विचारलं, "मान दुखत नाही?"

"दुखते तं."

"मग?"

"मंग काय बाई? दुखते."

मी ट्रेनिंगला शिकलेले सगळे प्रश्न तिथं संपले. घरी परतले की घरमालकीण अंगणातच पाण्याची घागर ठेवून उभी असायची. "हातपाय धुवा, मंग आत या. कुठून आल्या, हे मी इचारत नाही." म्हणजे ती रोज विचारायचीच. मी रोज खरं सांगायचे, आणि रोज ती घागरीत आणखी पाणी ओतायची.

लाट बसली. नवी झापडं चढली. मला वाटलं, सुटले. नवीन माणसाला फार लवकर वाटतं ते.

बैल जुंपला. तो निघाला, नीट निघाला, आणि भिंतीपाशी जिथं त्या दिवशी ढेप होती, तिथं येऊन थांबला. ढेप आता तिथं नव्हती. डोळे बांधलेले. तरी थांबला, मान भिंतीकडे वळवली, हुंगलं, उभा राहिला. तेलिणीनं कासरा ओढला, तो चालला. परत फेरा, परत तिथंच. वास जावा म्हणून तिनं जागा शेणानं सारवली, राख टाकली. कुणी म्हणालं नजर लागली, तर मीठ-मोहरी ओवाळली. मी तर त्याला समजावूनही पाहिलं. पोरांना समजवायच्या आवाजात, कपाळावर हात ठेवून. तेलीण म्हणाली, "आयकते का?"

"नाही."

"म्या बी लग्न झाल्यापासून बैलायले सांगून राह्यली."

मग एकच उपाय राहिला. त्याच्या पुढे कुणीतरी कासरा धरून चालायचं, आणि त्या जागी त्याचं पाऊल थांबायच्या आत त्याला पुढे न्यायचं. प्रत्येक फेऱ्याला. तेलिणीला एकटीला उखळात हात घालून बी वरखाली करायचं असायचं, बैलामागंही चालायचं असायचं. तर कासरा मी धरला.

वऱ्हाडातली चैत्रातली दुपार ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय सांगू? छपराखाली सावली होती, पण ती सावलीसुद्धा तापलेली. गोल, गोल, गोल. पहिल्यांदा चक्कर आली. मग चक्कर यायची बंद झाली आणि नुसते पाय उरले. फिरताना मी मनात पाढे म्हणायचे, मग कविता, मग काहीच नाही. कुंपणावर पोरं येऊन बसायची. एक जण दुसऱ्याला धड्यासारखं विचारायचा, "सांग बे, आपल्या बाई काय काम करतात?" आणि दुसरा उभा राहून हात बांधून सांगायचा, "आपल्या बाई घान्याले फिरतात." सगळे टाळ्या वाजवायचे. रागवायला माझ्यात जीव नव्हता.

पहिली गाडी आली ती जवसाची. गाडीवाला शेतकरी उतरला नाही. जुवावर पाय ठेवून बसूनच बघत राहिला. बैल त्या जागेकडे आला. मी कासरा घट्ट धरला. तो थांबला.

"काऊन बाई, थांबते का हा?" शेतकरी म्हणाला. "सांगा बाप्पा, नाही तं मी शेगावले जातो. पोतं काई जड नाही."

 तेलिणीचे दोन्ही हात उखळात होते, आणि ते हलायचे थांबले होते. मी कासरा ओढला नाही. मी चालले फक्त, मागं न बघता. माझ्यात ओढायची ताकदच नव्हती, हे खरं कारण. बैलानं एकदा फुस्स केलं आणि मागून आला. पुढच्या फेऱ्याला जरासा रेंगाळला आणि आला. त्याच्या पुढच्या फेऱ्याला मी त्या जागेकडे बघितलंसुद्धा नाही.

शेतकऱ्यानं बिडी संपवली. मग खाली उतरून पोतं उतरवलं. "पाय धुवाले पानी द्या," तो म्हणाला. तेलिणीनं घरात जाऊन पाणी आणलं. तेवढीच काय ती बोलणी.

पुढं गाड्या येत राहिल्या. मी रोज दुपारी जात राहिले. सकाळी फळ्यासमोर उभी राहिले की पोटऱ्या थरथरायच्या. तेलीण आता उखळाजवळून उठून छपराच्या कडेला गोणपाट टाकून पडायची. मधूनच उठून बी वरखाली करायची, परत पडायची. तिचे डोळे मिटलेले असायचे. मला वाटायचं, बरं झालं, माझ्यामुळे तिचा घाणा चालला. मनात फार मोठा गर्व होता तो, आणि पाय दुखत असले की गर्व जास्तच चढतो. उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली. मला शेगावला घरी जायचं होतं. मी तिला म्हणाले, मी गेल्यावर बैल थांबायला लागला तर काय कराल? सुट्टीतही थांबू का?

तिनं गोणपाटावर पडल्या पडल्या डोळे उघडले.  आणि म्हणाली,

"बैल तं कधीचाच सुधरला, बाई. त्या जवसवाल्याच्या दिवशीच. म्या सांगतलं नाही. तुमी फिरत होत्या, तं मले पडाले भेटत होतं."